इतवारीतला रोमचा खोका

प्रश्न : इतवारीतल्या एका जुन्या सामानाच्या दुकानात मला ‘सीझर ३’ या रोमन शहर वसवण्याच्या संगणक-खेळाचा पुठ्ठ्याचा मोठा खोका दिसला. आत एक सीडी आणि जाडजूड माहितीपुस्तिका आहे. दुकानदार तीन हजार रुपये मागतो आणि पुढे दुप्पट येतील असेही सांगतो. महाविद्यालयात असताना मित्राच्या घरी हा खेळ मी रात्ररात्र खेळलो आहे. खोका घ्यावा का, आणि खेळ आजच्या संगणकावर चालेल का?
— एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : ‘दुप्पट येतील’ हे वाक्य आपण आधी बाजूला ठेवावे. हा खेळ दुर्मीळ नाही. इम्प्रेशन्स गेम्सने तो तयार केला, सिएराने १९९८ मध्ये बाजारात आणला आणि तो भरपूर खपला; शिवाय आजही तो इंटरनेटवरून अगदी थोड्या पैशांत रीतसर विकत घेता येतो. त्यामुळे नुसत्या सीडीला संग्राहक फारशी किंमत देत नाहीत. किंमत असते ती खोका, पुस्तिका आणि मूळ सीडी एकत्र, धडधाकट अवस्थेत मिळण्याला. कारण घरी आल्यावर त्या काळी बहुतेकांनी पुठ्ठा रद्दीत घातला आणि नंतरच्या स्वस्त आवृत्त्या बहुधा लहान प्लॅस्टिकच्या डबीतच आल्या.

सौदा करण्यापूर्वी सीडी उलटी करून उजेडात धरा. कारखान्यात छापलेल्या सीडीची खालची बाजू स्वच्छ चंदेरी असते आणि मधल्या भोकाभोवतीच्या कड्यात बारीक अक्षरांत क्रमांक उमटलेला असतो. त्या बाजूवर निळसर, हिरवट किंवा जांभळट झाक दिसली, तर ती घरी उतरवलेली नक्कल समजावी. आपल्याकडे त्या काळी नकलांचा सुकाळच होता, हे आपण दोघेही जाणतो. आरपार पाहताना सुईच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसले, तर आतला चकाकता थर खराब होऊ लागला आहे. त्यानंतर पुस्तिकेची पाने मोजावीत आणि खोक्याचे कोपरे हाताने चाचपावेत.

पुस्तिकेवर मी एवढा भर देतो, त्यामागे खेळाची रचना आहे. घरांना पाणी, धान्य, देवळे, शाळा मिळत गेल्या की तंबूची झोपडी होते आणि पुढे वाड्यापर्यंत मजल जाते. पण पाणी सोडून बाकीच्या सोयी पोहोचवतात रस्त्यावरून चालणारी माणसे, आणि त्यांतली गस्त घालणारी बहुतेक चौकात आल्यावर मनाला येईल तिकडे वळतात. अभियंता एका गल्लीकडे फिरकलाच नाही, म्हणून तिथली इमारत कोसळते. बाजारातली बाई टोपली घेऊन भलत्याच वाटेला लागते आणि भरवस्तीतली घरे उपाशी राहतात. हे सारे एखाद्या संथ दुपारी, पंख्याखाली पुस्तिका मांडीवर घेऊन समजून घेण्यात जी गोडी आहे, ती डाउनलोड केलेल्या प्रतीत मला तरी सापडली नाही.

चालण्याविषयी विचाराल, तर नव्या विंडोजवर मूळ खेळ थोडा त्रास देऊ शकतो. हौशी प्रोग्रामरांनी लिहिलेले ‘ज्युलियस’ हे मोफत सॉफ्टवेअर मात्र मूळ खेळाच्याच फायली वापरून तो मोठ्या पडद्यावर नीट चालवते. त्याचे भावंड ‘ऑगस्टस’ यात तर भलतीकडे वळणाऱ्या त्या माणसांचा रस्ता अडवण्याची सोय आहे, जिच्या अभावी आपण कित्येक रात्री जागला असाल. सीडी संगणकात घालायला बाहेरचा ड्राइव्ह मात्र लागेल.

तेव्हा सीडी अस्सल असेल आणि पुस्तिका पूर्ण असेल, तर घासाघीस करून खोका अवश्य घ्यावा, पण स्वतःसाठी. गुंतवणूक म्हणून घेऊ नये. नक्कल निघाली, तर पुस्तिकेपुरते काय द्यायचे ते बघावे. घरी आणल्यावर तो कूलरच्या झोतात ठेवू नका, दमट हवेने पुठ्ठा फुगतो; आणि मे महिन्यात स्लॅबला लागून असलेल्या माळ्यावर तर मुळीच नको.

प्रश्न : जुन्या खेळांच्या सीडींवर ओळखीसाठी बॉलपेनने नाव लिहिले तर चालेल का?
— एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : नाही. माहितीचा थर नाव छापलेल्या बाजूला, पातळ लाखेखालीच असतो; खालच्या बाजूच्या जाड प्लॅस्टिकवरचा ओरखडा अनेकदा घासून काढता येतो, पण वरून पेन रुतले तर ती जागा कायमची गेली. नाव कागदाच्या पाकिटावर लिहावे.