दोनदा फसल्यावर माणसांवर पुन्हा विश्वास कसा ठेवायचा?

तुम्ही लिहिलंय की ज्या मुलाला तुम्ही हाताला धरून काम शिकवलं, त्यानेच तुमचं काम स्वतःच्या नावावर दाखवून बढती घेतली. त्या रागात दुसरी नोकरी शोधताना टेलिग्रामवरच्या 'हॉटेलला रेटिंग द्या, पैसे मिळवा' या टास्कमध्ये 1 लाख 80 हजार गेले. आणि आता बायकोने भाजीला पैसे मागितले तरी मनात येतं, खरंच भाजीलाच ना? हे शेवटचं वाक्य वाचलं म्हणून लिहायला बसले. मीही त्या गल्लीतून गेले आहे.

आधी कामाचं. पैसे जाऊन किती दिवस झाले ते तुम्ही लिहिलेलं नाही. तक्रार केली नसेल तर हे उत्तर इथेच सोडा आणि सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, 1930 ला, फोन लावा, सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवरही तक्रार टाका, बँकेला कळवा. हे पैसे एका खात्यात बसून राहत नाहीत, भराभर पुढच्या खात्यांत पळतात, आणि जिथे सापडतील तिथेच गोठवता येतात. म्हणून पहिले काही तास मोलाचे. उशीर झाला असला तरी तक्रार कराच. दुसरं म्हणजे, 'तुमचे पैसे सोडवून देतो, फक्त फी भरा' म्हणणारा एखादा वकील किंवा 'सायबर सेलचा साहेब' तुम्हाला गाठण्याची शक्यता आहे. तो त्याच जातकुळीतला. त्याला एक रुपया देऊ नका.

तुम्ही स्वतःला मूर्ख म्हणवून घेतलंय, ते मात्र मला पटलं नाही. त्या टास्कवाल्यांनी सुरुवातीला तुमच्या खात्यात शे-दोनशे रुपये खरोखर टाकले असणार. मग तुम्ही थोडे भरले, ते वाढून परत आले. मग जास्त भरले. ग्रुपमधली बाकीची 'माणसं' रोज स्क्रीनशॉट टाकत होती, ती बहुतेक त्यांचीच. आमचा किराणावाला नवीन गिऱ्हाइकाला उधारी देतो तेव्हा हेच करतो. आधी दोनशेची, वेळेवर आली की पाचशेची. म्हणजे तुम्ही जगरहाटीप्रमाणे चारचौघांसारखं पारखूनच घेत होता. त्या पारखण्याचाच त्यांनी फायदा घेतला.

आता माझं. मी भोसरीच्या एका लहान कंपनीत डिस्पॅचला होते, अकरा वर्षं. चलन फाडायचं, गाडी भरून घ्यायची, गेटवर सही. मालक चांगले वागायचे, 'आपण एक कुटुंब आहोत' हे दर वर्षी खंडेनवमीच्या पूजेनंतर ऐकायचो आणि ते खरं वाटायचं. पगाराच्या स्लिपवर पीएफचे 1,800 दर महिन्याला कापलेले दिसायचे. स्लिप बघितली की झालं, असं मला वाटायचं. एकदा घरी गप्पा मारता मारता भाच्याने माझा यूएएन, म्हणजे पीएफचा नंबर, टाकून फोनवर पीएफचं पासबुक उघडून दिलं. नऊ महिने कोरे. माझ्या पगारातून कापलेले 16,200 आणि मालकाचा तेवढाच हिस्सा, काहीच भरलेलं नव्हतं. खरं तर पुढच्या महिन्याच्या 15 तारखेच्या आत भरायचे असतात.

मालकाचा राग आला, पण तो पेलता आला. धंद्यात ओढाताण होती, हे दिसतच होतं. लागलं ते दुसऱ्याच जागी. अकाउंट्सला माझी एक मैत्रीण होती, सोलापूरची. रोज आमचा डबा एकत्र. माझी भाकरी, तिची शेंगदाण्याची चटणी. ती चटणी ती नेहमी आधी माझ्या डब्याच्या झाकणात काढायची, मग स्वतः घ्यायची. पासबुक बघितल्याच्या दुसऱ्या दिवशीही तिने तशीच काढली. मी विचारलं, "तुला माहीत होतं?" ती म्हणाली, "मालक म्हणाले होते, पुढच्या महिन्यात भरू." नऊ महिने पुढचा महिना! आणि त्या नऊ महिन्यांत आम्ही दीड-दोनशे वेळा एकत्र जेवलो असू.

तक्रार केली, पीएफ कार्यालयात चौकशी लागली, आणि चौकशीला लागणारी पगारपत्रकं तिनेच काढून दिली, तीसुद्धा नोकरी पणाला लावून. दीड वर्षाने पैसे जमा झाले. (पगारातून कापलेला हिस्सा न भरणं हा फौजदारी गुन्हा आहे हे मला तेव्हा कळलं. आधी दंड संहितेत होता, 1 जुलै 2024 पासून न्याय संहितेच्या कलम 316 मध्ये आहे. आणि कायद्यातलं त्याचं नावही फौजदारी विश्वासघातच. हे वाचलं तेव्हा बरं वाटलं, का कोण जाणे.) मी तिला माफ केलं का, ते मला सांगता येत नाही. दिवाळीला फोन होतो. तिच्या घरी जाते, चहा घेते. चटणी मात्र अजून घशाखाली उतरत नाही.

यातून शहाणपण यायला हवं होतं. आलं नाही. उलट मी कंपनीतल्या माणसांना परकी ठरवलं आणि बिल्डिंगमधल्यांना आपली. तिथे दुसऱ्या मजल्यावरच्या काकू भिशी चालवायच्या. वीस बायका, महिना 5,000, दर महिन्याला एकीला लाख. स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या, कोणाच्या तरी लहान पोरीने काढायची, मग पोहे. चौथ्या महिन्यात माझा नंबर लागला. काकू जिन्यात भेटून म्हणाल्या, "तुला घाई नाही ना गं? पोराची फी अडलीय. तुझा नंबर शेवटी घेऊ." मी हो म्हटलं. मला तर भारी वाटलं, आपल्याला हक्काने विचारलं म्हणून.

चौदाव्या महिन्यात भिशी बुडाली. वीसातली पाच-सहा नावं काकूंनी स्वतःच घातलेली होती आणि त्यांच्या चिठ्ठ्या आधीच उचलून झाल्या होत्या. एका भिशीचे हप्ते दुसऱ्या भिशीतून चालले होते. ज्यांनी लवकर उचलली त्यांचं काहीच गेलं नाही, उलट हप्ते थांबले म्हणून त्या गप्प. बुडलो आम्ही मागे राहिलेल्या. माझे 70,000. काकूंनी तेवढ्याचा चेक दिला आणि हात धरून म्हणाल्या, "आत्ता टाकू नको, खात्यात नाहीत. पाडवा होऊ दे." मी तो देवघराच्या फळीवर कुंकवाच्या करंड्याखाली ठेवला. पाडवा झाला, अक्षय्य तृतीया झाली. बँकेत गेले तर काउंटरवरचा मुलगा तारीख बघून म्हणाला, मॅडम, तीन महिने होऊन गेले, मुदत संपली. मुदतीत टाकला असता आणि परत आला असता, तर परत आल्याचं कळल्यापासून तीस दिवसांत नोटीस, मग पंधरा दिवसांची वाट, मग महिन्याभरात कोर्टात चेक न वटल्याची, कलम 138 ची केस, असा रस्ता होता. तो मी माझ्या हाताने करंड्याखाली दाबून ठेवला होता.

तोवर काकूंच्या दाराला कुलूप लागलं होतं. पोलीस चौकीत मी माझी लाल डायरी पुढे केली. दर महिन्याला एक बरोबरची खूण, चौदा खुणा. हवालदारांनी पानं उलटून पाहिली आणि सावकाश म्हणाले, "ताई, या खुणा तर तुमच्याच आहेत. त्यांची सही कुठाय?" ते मुळीच उर्मट नव्हते. म्हणूनच जास्त लाज वाटली. अशी योजना चालवायला 1982 च्या चिट फंड कायद्याप्रमाणे सरकारची परवानगी आणि नोंदणी लागते, हेही तिथेच कळलं. आमच्या बिल्डिंगमध्ये कोणी 'पावती दे' म्हटलं असतं तर बाकीच्यांनी तिलाच वाळीत टाकलं असतं!

त्यानंतरची दोन वर्षं माझी तुमच्यासारखी गेली. दूधवाल्याचं बिल तीनदा जुळवायचं. मैत्रिणीने 'सहज फोन केला' म्हटलं की आता ही काय मागणार, याची वाट बघायची. लोक सांगायचे, सगळेच तसे नसतात गं. या वाक्याचा मला अजूनही राग आहे. सगळे तसे नसतात हे मलाही ठाऊक होतं. कोण तसा आणि कोण नाही हे ओळखणारं माझं जे काही होतं, तेच बंद पडलं होतं. लोकांवरचा विश्वास उडाला असं आपण म्हणतो, माझा उडाला होता माझ्याच नजरेवरचा. आणि सगळ्यांना एकाच माळेचे मणी म्हटलं की एक सोय होते, ओळखायचे कष्टच उरत नाहीत.

मला जे उपयोगी पडलं ते अगदी कारकुनी आहे. दर महिन्याच्या 20 तारखेला पीएफचं पासबुक बघते. रात्री गॅसचं बटण बघते ना, तसंच. आताचे मालक सज्जन आहेत आणि पासबुक बघते म्हणूनच मी त्यांच्याशी मोकळेपणाने बोलू शकते. कोणाला पैसे दिले तर रोख नाही, खात्यावर, आणि शेऱ्यात 'उसने' लिहून, सख्ख्या भावालाही. सगळ्यांना एकच नियम ठेवला की कोणाला लागत नाही. ज्याला लागलं, जो म्हणाला "माझ्यावर विश्वास नाही का?", त्याच्याशी मी व्यवहार करत नाही, पण त्याच्या मुलाच्या लग्नाला जाते. जेवायला बसायची माणसं वेगळी आणि पैसे ठेवायची वेगळी असू शकतात, हे मला फार उशिरा सुचलं. तुमच्या त्या बढतीवाल्या मुलाशी बोलणं टाका असं मी म्हणणार नाही. पुढचं काम मात्र मेलवर करा, साहेबाला कॉपी ठेवून.

भाजीच्या पैशांचं म्हणाल, तर त्यावर माझ्याकडे एकच प्रसंग आहे, आणि त्यात मी वाईट दिसते. आई माझ्याकडे असते. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते, त्यांचं कुटुंब निवृत्तिवेतन तिला मिळतं, म्हणून दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला. ते पासबुक उघडून देणारा माझा भाचा त्यासाठी मुद्दाम सुट्टी काढून आला, म्हणाला, बँकेत कशाला जायचं, फोनवर होतं आता. आजीच्या फोनवर मेसेज आला आणि तो म्हणाला, "आत्या, ओटीपी सांग." मी फोन त्याच्यापासून ओढून घेतला. काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. वहिनी समोर होती. तो काही म्हणाला नाही, शिऱ्याची बशी तशीच ठेवून बूट घातले आणि गेला. दाखल्यासाठी मी आईला रिक्षाने बँकेत नेलं, दीड तास बाकावर बसवलं. आठवडाभराने त्याला फोन केला, "चुकलं रे." तो म्हणाला, "जाऊ दे गं आत्या." पण वर्षभर घरी आला नाही.

या नोव्हेंबरला आला. आजीचा फोन माझ्या हातात देऊन शेजारी बसला. "मेसेज आला की तू वाच. आकड्याच्या आधीचं सगळं वाच, मग सांगायचं का ते ठरव." मी चष्मा लावून मोठ्याने वाचलं, मग आकडा सांगितला. पुढे कॅमेऱ्यात बघून डोळ्यांची उघडझाप करायची होती. आईने फोटो म्हटल्यावर पदर सारखा केला आणि डोळे मिटून हात जोडले. "आजी, देव नाहीये तो, डोळे उघड!" तिसऱ्या खेपेला जमलं. या वेळी त्याने दोन बशा शिरा खाल्ला.

तो गेल्यावर मी आईच्या खात्यातली शिल्लक बघितली. तुमच्याशी खोटं कशाला बोलू.