लिलियन गिश बघताना

जत्रेतल्या नाटकांत तू तयार झालीस, म्हणून तुझं लक्ष आधी संवादांकडे जातं. दिग्दर्शक ग्रिफिथचा १९१९ सालचा ‘ब्रोकन ब्लॉसम्स’ हा मूकपट आवाज बंद करून बघ, म्हणजे संगीताच्या आधाराशिवाय त्यातली नायिका लिलियन गिश काय करते ते कळेल. सिनेमातला तिचा बाप हसायला फर्मावतो, तेव्हा ती दोन बोटांनी ओठांचे कोपरे वर ढकलते. ओठ हसतात, डोळे भेदरलेलेच. हा प्रसंग पुन्हापुन्हा मागे नेऊन बघ. पुढे कपाटाएवढ्या जागेत कोंडून घेऊन ती गरगरते, तिथे मला अजूनही धाप लागते. काही हावभाव जुने वाटतील, वाटू देत. फोंड्याला देवळासमोरच्या मांडवात शेवटच्या रांगेला दिसावं म्हणून हात फैलावावे लागतात. कॅमेरा जवळ आला की गिशला पापणी पुरते. पडद्यावर मधेमधे येणाऱ्या मजकुराच्या पाट्या पहिल्यांदा वाच, दुसऱ्यांदा सोडून दे.