फाइल उघडण्याआधी खाटा मोज

पुणे

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

नर्सिंग कॉलेजात ट्यूटर म्हणून रुजू होऊन वर्षही झालं नाही आणि इन्स्पेक्शनचं काम तुझ्याकडे आलं. 'मागच्या वर्षीची फाइल समोर ठेवून नवीन करू का?' असं तू विचारलंस. तसं करू नकोस. जुन्या फाइलमधल्या चुका नुसत्या तारखा बदलून पुढे येत राहतात. आधी चार दिवस सकाळी हॉस्पिटलमध्ये जा आणि भरलेल्या खाटा मोज. कागदाचं काम त्यानंतर.

कोण कशासाठी येतं, हे मात्र पहिल्याच दिवशी लावून घे. आपल्याकडे चारही कामांना सरसकट 'इन्स्पेक्शन'च म्हणतात आणि मग एकाचा फॉर्म दुसऱ्याच्या फाइलला लागतो. भारतीय परिचर्या परिषद 1947 च्या कायद्याखालची. अभ्यासक्रम आणि किमान निकष देशभरासाठी तीच ठरवते. महाराष्ट्र परिचर्या परिषद राज्याची. आपल्या मुलींची नोंदणी तिच्याकडे होते आणि नोंदणीशिवाय परिचारिका म्हणून काम करता येत नाही. नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ संलग्नता देतं, परीक्षा घेतं, आणि त्याची स्थानिक चौकशी समिती येते. पुण्यात भारती विद्यापीठ, सिंबायोसिस, डॉ. डी. वाय. पाटील अशी अभिमत विद्यापीठंही आहेत. त्यांच्या नर्सिंग कॉलेजांची परीक्षा त्यांचं स्वतःचं विद्यापीठ घेतं, म्हणून तिथल्या मैत्रिणीची चेकलिस्ट तशीच्या तशी उचलू नकोस. चौथं नॅक, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणारी राष्ट्रीय संस्था. त्याकडे शेवटी येते. 2023 मध्ये संसदेनं राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा केला. त्यात मूल्यांकन आणि मानांकनासाठी वेगळं मंडळ आहे, त्यामुळे लेटरहेड आणि फॉर्म बदलतील. खाटा, शिक्षक आणि तास यांचा हिशेब या आयोगालाही द्यावाच लागेल.

तो हिशेब असा. बीएस्सीच्या 60 जागा म्हणजे चार वर्षांचे 240 विद्यार्थी. पेरेंट हॉस्पिटल, म्हणजे कॉलेजचं मूळ हॉस्पिटल, किमान 100 खाटांचं हवं आणि त्यातल्या 75 टक्के भरलेल्या हव्यात. वॉर्डात एका विद्यार्थ्यामागे 3 रुग्ण. आता मांडून बघ: 100 खाटा, भरलेल्या 75, म्हणजे एका पाळीत जेमतेम 25 विद्यार्थी. तुझ्या रोटेशनमध्ये सकाळी 60 जणी वॉर्डात असतील, तर 180 रुग्ण हवेत, आणि 75 टक्क्यांच्या हिशेबानं 240 खाटा. उरलेल्या 140 खाटा कुठल्या, याचं उत्तर संलग्न हॉस्पिटलांच्या पत्रांत हवं. ती हॉस्पिटलं साधारण 15 ते 30 किलोमीटरच्या आत असावीत. नकाशावर 28 किलोमीटर दिसलं म्हणून खूश होऊ नकोस. सकाळी साडेसहाला बस निघून हडपसरच्या गर्दीतून साडेसातला पोचते का, ते बसमध्ये बसून बघ.

खाटा किती भरल्या हे अंदाजानं लिहू नकोस. हॉस्पिटलात रात्री बारा वाजता मिडनाइट सेन्सस, म्हणजे भरलेल्या खाटांची मोजणी, घेतात. महिन्याच्या सगळ्या रात्रींची बेरीज कर. 100 खाटा आणि 30 दिवस म्हणजे 3000, त्यात 2250 तरी भरायला हव्यात. असे बारा महिन्यांचे आकडे वॉर्डवार काढ, कारण एकूण टक्केवारी चांगली दिसते आणि बालरोग विभाग रिकामा असतो.

इथेच एक जुनं दुखणं सांगते. खाटांचा आकडा तीन कागदांवर असतो: महापालिकेचं नर्सिंग होम नोंदणी प्रमाणपत्र, प्रदूषण नियंत्रण मंडळाचं जैववैद्यकीय कचऱ्याचं अधिकारपत्र, आणि आपला प्रस्ताव. हॉस्पिटलनं मध्येच वीस खाटा वाढवलेल्या असतात, एका कागदावर 100 राहतात, दुसऱ्यावर 120. तपासणारा आधी हेच तीन कागद शेजारी शेजारी ठेवतो. तफावत दिसली की त्याचा बाकीच्या आकड्यांवरचा विश्वासही जातो. दुरुस्तीचा अर्ज महिना-दोन महिने आधी द्यायला लाव. अग्निसुरक्षेचं बी फॉर्मचं प्रमाणपत्र जानेवारी आणि जुलै असं वर्षातून दोनदा लागतं. जुलैचं राहून गेलं तर डिसेंबरच्या तपासणीत जुना कागद दाखवायची वेळ येते.

शिक्षकांचं प्रमाण 1:10, म्हणजे 240 ला 24, आणि प्राचार्य त्यात धरत नाहीत. प्राचार्यांना एमएस्सी आणि एकूण 15 वर्षांचा अनुभव लागतो. संख्या भरली की काम संपलं, असं मानू नकोस. पाच विषयशाखा आहेत: मेडिकल-सर्जिकल, सामुदायिक आरोग्य, प्रसूती, बालरोग, मानसिक आरोग्य. 24 पैकी 11 जणी मेडिकल-सर्जिकलच्या आणि मानसिक आरोग्याची एकच, तीही रजेवर, असं असेल तर ते आजच प्राचार्यांच्या कानावर घाल. प्रत्येकीच्या फाइलमध्ये नेमणूकपत्र, आधीच्या कॉलेजचं कार्यमुक्तीचं पत्र, पगाराचं बँक स्टेटमेंट, फॉर्म 16, विद्यापीठाची मान्यता आणि चालू नोंदणी ठेव. एमएस्सीनंतरची वर्षं वेगळ्या रकान्यात मांड. सगळ्यात जास्त अडतं ते परराज्यातून आलेल्यांचं. केरळ किंवा कर्नाटकची नोंदणी आहे, महाराष्ट्राची अजून झालेली नाही, आणि तिकडून ना-हरकत यायला वेळ लागतो. हे तपासणीच्या आठवड्यात सापडून काही उपयोग नाही.

आता तासांकडे वळू. माझ्या मते खरी परीक्षा इथेच होते. नव्या सत्रपद्धतीत सत्र 20 आठवड्यांचं धरलंय. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे आठवड्याला 1 तास, लॅबचं 2, क्लिनिकलचं, म्हणजे वॉर्डातल्या प्रत्यक्ष कामाचं, 4. पहिल्या सत्रातलं नर्सिंग फाउंडेशन बघ: 120 तास थिअरी, 80 तास लॅब, 160 तास क्लिनिकल. हे 160 तास कागदावर 20 दिवसांत बसवतात, दिवसाचे आठ धरून. पण मुली साडेसातला वॉर्डात जातात आणि दीडला बसमध्ये बसतात, म्हणजे सहाच तास. 20 दिवसांचे 120 झाले आणि 40 राहिले. त्यात ज्या मुलीला या विषयाच्या दिवसांत डेंग्यू झाला, तिचं आणखी राहिलं. परीक्षेला बसायला 80 टक्के हजेरी चालते, पण पदवी मिळण्याआधी क्लिनिकलची हजेरी प्रत्येक विभागात 100 टक्के लागते. भरपाईच्या ड्यूटीचं रजिस्टर वेगळं ठेव: तारीख, वॉर्ड, वेळ, वॉर्ड सिस्टरची सही. गणपतीचे दहा दिवस वेळापत्रक आखतानाच वेगळे काढ. मध्यवस्तीतले रस्ते बंद झाले की बस वेळेवर पोचत नाही, आणि ते तास नंतर कुणी मोजत नाही. आठव्या सत्राच्या इंटर्नशिपलाही हाच नियम लाव. ती 22 आठवड्यांची असते, आठवड्याला 48 तासांची.

मास्टर रोटेशन प्लॅन, म्हणजे कुठली बॅच कधी कुठल्या वॉर्डात याचा वर्षाचा तक्ता, सगळे ओळीनं वाचतात, म्हणजे एक बॅच वर्षभर कुठे जाते ते. तू तो तक्ता उभ्या रकान्यानं वाच. ऑगस्टचा दुसरा आठवडा घे आणि सर्जिकल वॉर्डाखाली जीएनएम (डिप्लोमा), बीएस्सी, पोस्ट बेसिक (डिप्लोमानंतरची बीएस्सी) मिळून किती जणी येतात ते मोज. 30 खाटांच्या वॉर्डात 42 विद्यार्थी निघाले तर तो प्लॅन कागदावरच राहणार. शिवाय येरवड्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात आपल्यासारखीच अनेक कॉलेजं येतात. तिथली तारीख लेखी मिळाल्याशिवाय मानसिक आरोग्याचा ब्लॉक प्लॅनमध्ये पक्का करू नकोस.

लॉगबुकबद्दल, म्हणजे मुलींच्या कामाच्या नोंदवहीबद्दल, मात्र कठोर राहा. प्रसूतिकक्षाच्या रजिस्टरमध्ये महिन्याला 40 प्रसूती असतील आणि 60 मुलींनी त्याच महिन्यात प्रत्येकी तीन स्वतः केल्याचं लिहिलं असेल, तर 180 होतात. ही बेरीज तपासणारा दोन मिनिटांत करतो. ते वाईटच, पण त्याहून वाईट म्हणजे ती मुलगी उद्या एखाद्या उपकेंद्रात एकटी उभी असेल आणि बाळाचं डोकं दिसायला लागलेलं असेल. पाहिलेली, मदत केलेली आणि स्वतः केलेली असे तीन रकाने वेगळे ठेव, आणि रुग्णाचा नोंदणी क्रमांक लिहिल्याशिवाय सही करू नकोस. आकडा कमी पडला तर तो कमीच दिसू दे, आणि त्यावरून आणखी एका प्रसूतिगृहाशी करार करायचा प्रस्ताव लिही.

इमारत आणि लॅबबद्दल थोडक्यात. फाउंडेशन लॅब 1500 चौरस फुटांची आणि सहा विद्यार्थ्यांमागे एक खाट, म्हणजे 60 ला 10. साहित्य बहुतेक ठिकाणी असतं, अडतं ते वापराच्या नोंदीवर. कॅथेटरायझेशनचं (लघवीची नळी घालायच्या सरावाचं) मॉडेल अजून प्लॅस्टिकमध्येच असेल तर स्टॉक रजिस्टर कितीही नेटकं असून चालत नाही.

नॅकचं वेगळं आहे. तिथे फक्त किमान अटी बघत नाहीत, पाच वर्षांची वाटचाल बघतात, आणि लिहिलेल्या प्रत्येक आकड्याचा पुरावा मागतात. त्यांची पद्धत बदलते आहे, म्हणून चालू मॅन्युअल संकेतस्थळावरूनच घे. पण पुरावा कसा जपायचा ते बदलत नाही. समज, पालखी पुण्यात मुक्कामी असताना मुलींनी वारकऱ्यांच्या पायांची मलमपट्टी केली. त्याच संध्याकाळी पाच गोष्टी एका फोल्डरमध्ये टाक: महापालिकेचं किंवा दिंडीचं पत्र, मुलींच्या सह्यांची यादी, किती जणांना काय उपचार दिले त्याचा तक्ता, जिओ-टॅग असलेला फोटो, आणि एका पानाचा अहवाल. दोन वर्षांनी हे गोळा करायला बसलीस तर फोटो सापडेल, पण तो कुठल्या वर्षीचा यावर वाद होईल. आयक्यूएसीच्या, म्हणजे कॉलेजच्या अंतर्गत गुणवत्ता कक्षाच्या, इतिवृत्ताखाली कार्यवाहीचा अहवाल जोडलेला हवा. 'ग्रंथालयाची वेळ वाढवावी' असं ठरलं, तर वाढवल्याचं परिपत्रक कुठे आहे ते विचारतात.

समिती येईल त्या दिवशी एकही विद्यार्थिनी पाठ करून उत्तर देणार नाही याची काळजी घे. त्यांना फक्त सांग की जे करता ते सांगा. आणि एखादी त्रुटी विचारली तर 'बघतो' म्हणू नकोस. ती कधीपर्यंत भरून निघेल आणि कोण करेल, ते लिहून दे.

कळावे.

ता. क. खाटा मोजायला जाशील तेव्हा वॉर्ड सिस्टरला आधी फोन कर, आणि औषधं वाटायच्या वेळी मध्ये जाऊ नकोस. दहा वाजता तिला थोडी उसंत असते. मुली कुठे आणि कशासाठी अडतात, ते तीच सांगेल.