एमए इकॉनॉमिक्सनंतर लोकसंख्या-आरोग्यात पीएचडी करावी का? बडोद्यात राहून जमेल का?

मी रावपुऱ्यातली, एमए इथंच महाराजा सयाजीराव विद्यापीठात केलं, पुढे मुंबईला देवनारच्या आयआयपीएसला, म्हणजे लोकसंख्या अभ्यासाच्या संस्थेत, गेले. बडोद्यात राहूनही जमतं, विद्यापीठाचं पॉप्युलेशन रिसर्च सेंटर आहेच, पण गाईड आधी बघा, गाव नंतर. नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप मिळाली तर 2023 पासून महिन्याला 37,000 रुपये आहेत. पर्मनंट नोकरीचं मात्र खरं सांगते, जागा कमी आणि वाट लांब, मधली काही वर्षं प्रोजेक्टवरच जातात, घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा.

आता कामाचं. लोकांना वाटतं इकॉनॉमिक्स म्हणजे मॉडेल, पण पीएचडीची पहिली दोन वर्षं मी एनएफएचएसचा, म्हणजे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्व्हेचा, डेटा साफच करत होते. आमच्या वाड्यातल्या एक आजी वय विचारलं की पाच वर्षं झाली "साठ असेल की" एवढंच सांगतात ना, सर्व्हेतही तसंच, 30, 35, 40 वर माणसांचा ढीग आणि 31, 39 ला शुकशुकाट. यात हसण्यासारखं काही नाही. बाळ गेलं तेव्हा किती महिन्यांचं होतं विचारलं की आई "वर्षाचं" म्हणते, मग नोंद 12 महिन्यांवर, म्हणजे ते बाळ अर्भकमृत्यूच्या (वर्षाच्या आतल्या मृत्यूंच्या) आकड्यातून बाहेर, खरं तर कदाचित दहा-अकरा महिन्यांचंच असेल. एका शब्दानं दर कमी दिसतो. मला या विषयात अडकवलं ते या 12 नंबरनं.

प्रश्नही भारी असतात. 2005 ला जननी सुरक्षा योजना आली, दवाखान्यात बाळंतपण केलं की पैसे मिळणारी, दवाखान्यात बाळंतपणं 2005-06 च्या 38.7 टक्क्यांवरून 2019-21 ला 88.6 वर गेली, पण नवजात (पहिल्या महिन्यातल्या बाळांचा) मृत्युदर हजारी 39 वरून 24.9, म्हणजे कमी झाला पण त्या वेगानं नाही. पैसे दिल्यामुळे बायका दवाखान्यात गेल्या की रस्ते, शिक्षण, मोबाईलमुळे तसंही गेल्या असत्या? आणि गेल्यावर तिथे नर्स होती का? हे सुटं करणं हेच आपलं काम, आणि त्यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही.

ठरवायच्या आधी एक करा, एनएफएचएससारख्या सर्व्हेंचा डेटा डीएचएसच्या साइटवर रजिस्टर करून फुकट मिळत आलाय, सध्या नवीन रजिस्ट्रेशन चालू आहे का बघा आणि डेटा मागवा, आणि एक रविवार फक्त वयाचा कॉलम बघत बसा. संध्याकाळी कंटाळा आलेला असेल तर बँकेची परीक्षा द्या, चिडचिड होऊन "हे असं कसं" वाटलं तर मला मेसेज करा, फॉर्म कसा भरायचा सांगते.