एज्युकेशनल लीडरशिपमध्ये डॉक्टरेट झाली, मग आता मुख्याध्यापिकाच व्हायचं का?

नमस्कार ताई,

तुमचं पत्र वाचलं, चांगलंच मोठं होतं, म्हणून बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. ताई १३ वर्षं शाळेत आहेत, त्यातली शेवटची ४ उपमुख्याध्यापिका म्हणून, नोकरी सांभाळून त्यांनी एज्युकेशनल लीडरशिपमध्ये ईडीडी, म्हणजे डॉक्टर ऑफ एज्युकेशन ही डिग्री, पूर्ण केलं आणि आता जो भेटेल तो विचारतोय की मग पुढे काय. मुख्याध्यापिका व्हायचंय का हे त्यांचं त्यांनाच नक्की सांगता येत नाही, पीएचडीच करायला हवी होती का अशी धाकधूक आहे, आणि मिस्टर म्हणतायत की कंपन्यांमध्ये ट्रेनिंगकडे वळ, पैसे बरे मिळतात.

धाकधुकीचं आधी बघू. हा गोंधळ तुमचा एकटीचा नाही, विद्यापीठांनीच घातलेला आहे. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाने साधारण १९२० पासून ईडीडी द्यायला सुरुवात केली, नंतर अनेक ठिकाणी ईडीडी आणि पीएचडी यांत नाव सोडलं तर फारसा फरकच राहिला नाही. शेवटी २००७ मध्ये तिथल्या बऱ्याच विद्यापीठांनी कार्नेगी प्रोजेक्ट नावाच्या उपक्रमात एकत्र बसून हे निस्तरायला घेतलं, की ईडीडी म्हणजे प्रत्यक्ष काम करणाऱ्या माणसाने आपल्याच कामातला एखादा अडलेला प्रश्न धरून तो सोडवायचा. खुद्द हार्वर्डने २०१० मध्ये लीडरशिपची वेगळी ३ वर्षांची डॉक्टरेट काढली, तिच्यात तिसरं वर्ष थेट एखाद्या संस्थेत काम करायचं असतं. म्हणजे तुम्ही केलंय ते पीएचडीची स्वस्त आवृत्ती नाही, कामच वेगळं आहे. एका बाबतीत मात्र फरक पडतो, रिसर्चवर भर असलेल्या विद्यापीठात पूर्णवेळ प्राध्यापक व्हायचं असेल तर तिथे छापून आलेले शोधनिबंध बघतात आणि पीएचडीवाल्यांशी स्पर्धा असते, ती वाट तुम्हाला अवघड जाईल. पण त्याच विद्यापीठांत भावी मुख्याध्यापकांना शिकवायचे कोर्स असतात, आणि तिथे शाळा चालवलेली माणसं हवीच असतात. आधी व्हिजिटिंग म्हणून एखादा कोर्स घेऊन बघा, शिकवायला मजा येते का ते कळेल.

आता मुख्याध्यापकपद. खरं सांगू का, तुमच्या पत्रात ४ ठिकाणी "लोक म्हणतात" आहे आणि "मला वाटतं" एकदाही नाही. उपमुख्याध्यापिका म्हणून ४ वर्षांत तुम्ही प्रॉक्सी पिरियड लावलेत, पालकांच्या तक्रारी घेतल्यात, टाइमटेबलशी मारामारी केलीय, आता मुख्याध्यापकाची खुर्ची म्हणजे हे सगळं आणि वर शेवटचा निर्णयही तुमचाच. दिवसभर कोणी ना कोणी दार ढकलून आत येणार, यात ज्याला हुरूप येतो त्याने जरूर जावं. ज्याला संध्याकाळी एकच प्रश्न घेऊन तासभर शांत बसायचं असतं त्याचा तिथे जीव गुदमरतो, नावापुढे डॉ. असो वा नसो.

त्याच्याही वरची पायरी म्हणजे कित्येक शाळा मिळून बघणारं पद, अमेरिकेत त्याला सुपरिंटेंडंट म्हणतात. बहुतेक ठिकाणी निवडून आलेलं बोर्ड त्यांना नेमतं आणि जाबही विचारतं, त्यामुळे बजेट, बसचे रूट, शिक्षकांच्या युनियनशी वाटाघाटी यातच बराचसा दिवस जातो. आणि नीट ऐका, डॉक्टरेट आणि अशा पदावर काम करायचं लायसन्स या दोन वेगळ्या गोष्टी आहेत! तिथे लायसन्सचे नियम राज्याराज्यात बदलतात, डॉक्टरेटला वजन असतं पण लायसन्सच्या जागी ती चालत नाही. कुठल्याही देशात अर्ज करण्याआधी त्या पदाला नेमकं कुठलं सर्टिफिकेट आणि किती वर्षांचा प्रशासनाचा अनुभव लागतो ते विचारून घ्या, हे न बघता दोन-दोन वर्षं नुसते अर्ज करत बसलेले लोक मी पाहिलेत.

आता ज्या वाटेबद्दल तुम्ही विचारलंच नाही आणि जी मला तुमच्यासाठी सगळ्यात बरी वाटते ती सांगते, शाळांसाठी शिक्षकांच्या ट्रेनिंगचं काम. तुमचा थीसिस नवीन शिक्षक पहिल्या दोन वर्षांतच नोकरी का सोडतात यावर आहे, तुम्ही शाळेत मेंटरिंग सुरू केलंत, काय बदललं ते मोजलंत. ही नुसती थीसिस नाही हो, हेच तुमचं भांडवल आहे! शाळांचे मोठे समूह, शिक्षण खाती, शिक्षक आणि मुख्याध्यापकांना ट्रेनिंग देणाऱ्या संस्था, सगळ्यांना हा प्रश्न छळतोय. ओईसीडी ही अनेक देशांची मिळून असलेली संघटना २००८ पासून टॅलिस नावाचा सर्व्हे करते, त्यात शिक्षक आणि मुख्याध्यापक दोघांनाही कामाबद्दल विचारतात, आणि युनेस्कोचा २०२४-२५ चा जागतिक शिक्षण अहवाल तर शिक्षणातल्या नेतृत्वावरच आहे. हे दोन्ही वाचा, इंटरव्ह्यूत तुमच्या एका शाळेचा अनुभव मोठ्या चित्राला जोडता आला की समोरचा कान टवकारतो.

कॉलेजांमध्येही एक कोपरा आहे, जिथे किती विद्यार्थी मधेच सोडून गेले, कुठल्या कोर्सला अडतात याचा हिशेब ठेवतात आणि अ‍ॅक्रेडिटेशनचे, म्हणजे कॉलेजचा दर्जा तपासून मान्यता देतात त्यासाठीचे, रिपोर्ट बनवतात. एक्सेलला घाबरत नसाल तर काम चांगलं आहे, फक्त मुलांचा सहवास तुटतो. एडटेक, म्हणजे शिक्षणाची सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपन्यांबद्दल एवढंच म्हणेन की पद अ‍ॅकॅडमिक आहे की गोड नावाखाली सेल्स, हे आधी विचारा.

मिस्टरांचा मुद्दा अगदीच उडवून लावण्यासारखा नाही. ट्रेनिंगचा उपयोग मोजायच्या, कर्कपॅट्रिक नावाच्या अमेरिकन अभ्यासकाच्या ४ पायऱ्या १९५९ पासून आहेत, लोकांना आवडलं का, ते शिकले का, वागण्यात फरक पडला का, कामाचा निकाल बदलला का. पण बऱ्याच कंपन्या पहिल्या पायरीवरच्या फीडबॅक फॉर्मपाशीच थांबतात. तुम्ही थीसिसमध्ये तिसऱ्या-चौथ्यापर्यंत गेलायत, हे तिथे विकलं जातं. पण तुमचं पत्र शाळेबद्दल बोलताना खुलतं आणि कंपनीबद्दल दोन ओळींत संपतं, तेव्हा पैशाची अगदी निकड नसेल तर तुमच्या जागी मी इतक्यात तिकडे जाणार नाही.

म्हणून आत्ता राजीनामा देऊ नका. थीसिसचं दोन पानी रूप करा, प्रश्न काय होता, काय केलं, काय बदललं, काय फसलं, त्यात "सैद्धांतिक चौकट" हा शब्द आला तर खोडा. ते शाळांच्या समूहांमध्ये शिक्षकांच्या ट्रेनिंगचं काम बघणाऱ्या ५-६ जणांना पाठवा आणि नोकरी न मागता फक्त २० मिनिटं मागा. पाठवायच्या आधी मला दाखवा, विशेषतः "काय फसलं" हा भाग, तिथे सगळेच हात आखडता घेतात.

तुमची,
करिअर ताई