पहिली लिव्हर-ॲक्शन रायफल कोणती घ्यावी?

प्रश्न : मी गिरगावात वाढले. महाविद्यालयात असताना एनसीसीमध्ये पॉइंट टू-टू (0.22 इंच मापाच्या) रायफलने नेमबाजी केली आणि ती मनापासून आवडली. पुढे नोकरी आणि संसार यांत सारे मागे पडले. आता ग्रीन कार्ड मिळाल्यामुळे मी यजमानांकडे ह्यूस्टनला कायमची राहायला जात आहे. तेथे आमच्या परिचितांचे शेत असून तेथे डबे टिपायचा सराव आणि पुढे जमल्यास ससा, खार अशी लहान शिकार करावी, असा विचार आहे. मला खालची लिव्हर ओढून चालवण्याची रायफल हवी आहे. माझे दीर म्हणतात, ‘थर्टी-थर्टी घे, म्हणजे उद्या हरणालाही चालेल.’ कोणती घ्यावी? ती कधी मुंबईला आणता येईल का?
— एक वाचक, गिरगाव

उत्तर : आपल्या दिरांनी आपुलकीने सुचवले असले, तरी पहिल्या रायफलीसाठी थर्टी-थर्टी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. हे काडतूस विंचेस्टर कंपनीने आपल्या 1894 च्या मॉडेलसाठी 1895 साली बाजारात आणले आणि तेव्हापासून अमेरिकेत ते मुख्यतः हरणासाठीच वापरले जाते. त्याची गोळी साधारण 150 ते 170 ग्रेन (एक ग्रेन म्हणजे सुमारे 0.065 ग्रॅम) वजनाची असते, तर ‘पॉइंट टू-टू लाँग रायफल’ या नावाच्या लहान काडतुसाची नेहमीची गोळी अवघी 40 ग्रेनची. थर्टी-थर्टीने टिपलेल्या सशाचे खाण्याजोगे फारसे काही उरत नाही. शिवाय त्याचे एक काडतूस ज्या किमतीला मिळते, तेवढ्यात पॉइंट टू-टूची कितीतरी काडतुसे येतात. बारा-पंधरा वर्षांनी पुन्हा रायफल हाती घेणाऱ्या माणसाला भरपूर गोळ्या झाडण्याची गरज असते, आणि खांद्याला बसणाऱ्या धक्क्याच्या धास्तीने चाप ओढण्याआधीच डोळे मिटण्याची सवय एकदा लागली, की ती मोडायला फार दिवस जातात. पॉइंट टू-टू मॅग्नम हे स्वतंत्र, अधिक लांबीचे काडतूस आहे. ते लाँग रायफलच्या बंदुकीत चालत नाही आणि खारीसाठी गरजेपेक्षा जास्त जोरकस ठरते. म्हणून आपण पॉइंट टू-टू लाँग रायफल काडतुसाचीच बंदूक घ्यावी. 1887 पासून चालत आलेले हे काडतूस आपल्या हाताच्या ओळखीचेही आहे.

आता रायफलीविषयी. नव्या बंदुकींमध्ये हेन्री कंपनीची ‘एच-001’ ही आपण सर्वांत आधी हातात घेऊन पाहावी. तिची नळी सुमारे साडेअठरा इंचांची, वजन जवळपास 2.4 किलो आणि नळीखालच्या मॅगझिनमध्ये, म्हणजे काडतुसे साठवण्याच्या नळीत, लाँग रायफलची 15 काडतुसे मावतात. लिव्हर अतिशय मऊ चालते, आणि पुढे दुर्बीण लावावीशी वाटली, तर वरच्या भागावर त्यासाठी खाचा असतात. याच कंपनीची ‘गोल्डन बॉय’ दिसायला देखणी, अष्टकोनी नळीची आणि पितळी रंगाची आहे. मात्र ती 3 किलोंच्या पुढे जाते आणि उभ्याने नेम धरताना तो फरक दंडाला जाणवतो. आजची हेन्री कंपनी 1990च्या दशकात उभी राहिली. 1860 साली बेंजामिन टायलर हेन्री यांनी पेटंट घेतलेल्या रायफलीचे नाव तिने घेतले आहे, एवढाच त्या दोहोंचा संबंध. जुनी परंपरा म्हणून कोणी अधिक किंमत सांगू लागला, तर हे ध्यानात ठेवावे.

दुसरा पर्याय ब्राऊनिंगच्या ‘बीएल-22’चा. ती जपानमध्ये मिरोकू या कारखान्यात तयार होते. तिची लिव्हर केवळ 33 अंशांत फिरते आणि चापही लिव्हरबरोबरच खाली जातो, त्यामुळे बोटे मध्ये चिमटत नाहीत. ती किमतीने हेन्रीहून बरीच वरची, परंतु लहान हातांच्या व्यक्तीला ती फार चटकन जमते. वापरलेल्या बंदुकींमध्ये मार्लिनची ‘39-ए’ आणि विंचेस्टरची ‘9422’ या दोन्ही उत्तम आहेत. विंचेस्टरने ‘9422’ 1972 ते 2005 या काळात बनवली. मार्लिन ‘39-ए’ एका मोठ्या स्क्रूवर दोन भागांत सुटते, त्यामुळे नळी मागच्या बाजूने साफ करता येते, आणि मला स्वतःला ती या सर्वांत अधिक आवडते. तरीही पहिली बंदूक म्हणून जुनी घेण्याचा आग्रह मी धरणार नाही, कारण जुन्या बंदुकीतील झीज ओळखायला सरावलेला डोळा लागतो आणि चांगल्या अवस्थेतील ‘39-ए’साठी आता संग्राहकांची किंमत मोजावी लागते.

दुकानात गेल्यावर नावापेक्षा मापाकडे लक्ष द्यावे. दस्ता, म्हणजे बंदुकीचा खांद्याला टेकणारा मागचा भाग, खांद्याला लावून डोळे मिटावेत, गाल सहज टेकेल तेथे टेकवावा आणि मग डोळे उघडावेत. नेम धरण्यासाठी नळीवर असलेली मागची खाच आणि पुढची माशी (उभी खूण) मान न हलवता एका रेषेत दिसली, तर दस्ता आपल्या मापाचा आहे. हात ताणून चापापर्यंत पोहोचावे लागत असेल, तर दस्ता लांब आहे, आणि मग हेन्रीचे आखूड दस्त्याचे मॉडेल पाहावे. ते मुलांसाठी म्हणून विकले जात असले, तरी पाच फुटांच्या आसपास उंची असलेल्या स्त्रीला बहुधा तेच बसते. त्यात संकोच वाटण्याचे काहीच कारण नाही.

आपल्या एनसीसीच्या सवयीमुळे एक अडचण मात्र येईल. आपण पालथे झोपून, बोल्टच्या रायफलीने नेमबाजी शिकलात. पालथ्या अवस्थेत लिव्हर खाली ओढली, की ती जमिनीला अडते. प्रत्येक गोळीनंतर रायफल कलती करावी लागते आणि धरलेली पकड मोडते. म्हणून बसून, गुडघ्यावर आणि उभ्याने नेम धरण्याचा सराव नव्याने करावा लागेल. श्वास अर्धा सोडून थांबणे, चाप दाबत नेणे, गोळी सुटल्यावरही नेम न सोडणे हे एनसीसीत शिकवलेले सारे जसेच्या तसे उपयोगी पडेल.

या रायफलीत काडतुसे भरताना मॅगझिनची आतली नळी पुढे ओढून खाचेतून एकेक काडतूस सोडावे लागते आणि त्या वेळी हात बंदुकीच्या तोंडाजवळ जातो. तोंडासमोर तळहात येऊ न देता बाजूने धरण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी. रिकामी करताना ही आतली नळी काढून काडतुसे ओतली, तरी एखादे उचलपट्टीवर (काडतूस वर उचलणाऱ्या पट्टीवर) किंवा मॅगझिनच्या मुळाशी राहून जाते. म्हणून त्यानंतर लिव्हर अनेकदा चालवावी आणि आत डोळ्यांनी पाहून, बोटाने चाचपून खात्री करावी. घोडा (चाप ओढल्यावर आघात करणारा भाग) उघडा असलेल्या रायफलीत तो अंगठ्याने हळूच खाली सोडावा लागतो. ही कृती रिकाम्या रायफलीवर जाणकाराच्या देखरेखीखाली शिकावी. तसे करताना बंदुकीचे तोंड सदैव सुरक्षित दिशेला हवे.

डबे टिपताना मागे मातीचा उंच बांध असलाच पाहिजे. पॉइंट टू-टूच्या पुड्यांवर गोळी दीड मैल जाऊ शकते, असा इशारा छापलेला असतो. म्हणजे चर्चगेट स्थानकावरून झाडलेली गोळी जवळपास चर्नी रोडपर्यंत पोहोचावी. मऊ शिशाची ही गोळी पाण्यावरून, दगडावरून किंवा कडक जमिनीवरून उसळी घेते, त्यामुळे तळ्यातल्या बाटल्यांवर नेम धरू नये. टेक्सासमध्ये बहुतांश जमीन खासगी आहे आणि परवानगीवाचून गोळी शेजाऱ्याच्या हद्दीत गेली, तर तो गुन्हा ठरतो.

शिकारीचे अंतर आपले आपणच ठरवावे आणि त्यासाठी कागदाइतका प्रामाणिक साक्षीदार दुसरा नाही. खारीचे डोके साधारण दीड इंचाचे असते. उभ्याने किंवा बसून झाडलेल्या पाच गोळ्या ज्या अंतरावर दीड इंचाच्या वर्तुळात प्रत्येक वेळी बसतील, तेवढेच आपले अंतर. ते 20 यार्ड असेल, तर 20 यार्ड. त्यापलीकडचा प्राणी जाऊ द्यावा. जखमी होऊन बिळात शिरलेला ससा तासन्‌तास तळमळत मरतो, आणि ते टाळणे हे शिकाऱ्याचे पहिले कर्तव्य आहे, असे मी मानतो. दुर्बीण नसताना, केवळ खाच आणि माशीने नेम धरून 50 यार्डांपलीकडे लहान शिकारीचा विचारही करू नये. रायफलीचा नेम 50 यार्डांना जुळवला असता 100 यार्डांवर गोळी साधारण अर्धा फूट खाली पडते.

कायद्याच्या बाजूने आपली स्थिती सोयीची आहे. ग्रीन कार्डधारकाला अमेरिकेत परवानाधारक दुकानातून केंद्रीय अर्ज भरून आणि पार्श्वभूमीची तपासणी होऊन रायफल घेता येते. एच-वन-बी किंवा पर्यटक व्हिसावरील व्यक्तीला मात्र, वैध शिकार-परवान्यासारखे मोजके अपवाद वगळता, बंदूक बाळगण्यास संघराज्याच्या कायद्याने बंदी आहे. मुंबईहून भेटीला आलेल्या नातलगांच्या हाती उत्साहाने रायफल देण्यापूर्वी आपण हे तपासून पाहावे. टेक्सासमध्ये शिकारीसाठी परवाना लागतो, आणि 2 सप्टेंबर 1971 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या व्यक्तीला शिकारी-प्रशिक्षणाचा अभ्यासक्रमही पूर्ण करावा लागतो. तो अट म्हणून उरकू नये. जाणकार माणसे भेटण्याची तीच पहिली जागा असते.

रायफल मुंबईला आणण्याचा विचार मात्र सोडून द्यावा. त्यासाठी भारतातील शस्त्रपरवाना आणि सीमाशुल्काच्या अटी यांची पूर्तता आधी करावी लागते, आणि सुट्टीसाठी येणाऱ्या व्यक्तीला ते व्यवहार्य नाही. उलट, माहेरी येताना सराव करताना वापरलेली पिशवी प्रवासात घेऊच नये. शिवणीत अडकलेले एक जिवंत काडतूस विमानतळावर सापडले, तरी 1959च्या शस्त्र अधिनियमाखाली गुन्हा नोंदला जाऊ शकतो.

प्रश्न : अशीच लिव्हरची रायफल घेऊन कर्जतच्या आमच्या शेतघरावर डबे टिपावेत आणि अधूनमधून ससा मारावा, अशी माझी इच्छा आहे. मुंबईत ती मिळेल का?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : सशाचा विचार आपण पूर्णपणे सोडावा. 1972च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने आपल्याकडे शिकारीला मनाई आहे आणि स्वतःच्या मालकीच्या शेतातही ती लागू आहे. पॉइंट टू-टू रायफलीला शस्त्रपरवाना लागतो. मुंबईत तो पोलीस आयुक्तालयाकडून मिळतो आणि केवळ डबे टिपण्याची हौस हे त्यासाठी पुरेसे कारण ठरत नाही.

नेमबाजीची ओढ खरी असेल, तर पॉइंट वन-सेव्हन-सेव्हन म्हणजे 4.5 मिलिमीटरच्या हवेच्या रायफलीने सुरुवात करावी. 2016च्या शस्त्र नियमांनुसार 20 ज्यूलपर्यंत शक्तीच्या आणि या मापापर्यंतच्या हवाई रायफलीला परवाना लागत नाही; खरेदीच्या वेळी ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा जवळ ठेवावा. शिवाजी पार्कजवळच्या स्वातंत्र्यवीर सावरकर राष्ट्रीय स्मारकात आणि वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या मैदानावर नेमबाजी शिकता येते. 10 मीटरवर कागदी लक्ष्याच्या मधल्या ठिपक्याचा व्यास अर्ध्या मिलिमीटरचा असतो. मुलुंडहून दादरला रविवारी सकाळी गेलात, तर रायफल विकत घेण्यापूर्वीच, तेथील रायफलीवर प्रशिक्षकासमोर, आपला हात किती स्थिर आहे ते कळेल.