वडिलांना आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत. श्रवणयंत्राने फरक पडेल का?

बहुतेकदा पडतो, पण आधी तपासणी करा. कधी कधी नुसता मळ साचलेला असतो.

वयानुसार अंतर्कर्णातल्या केसपेशी (आवाज टिपणाऱ्या सूक्ष्म पेशी) झिजतात आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. झीज उंच पट्टीच्या आवाजांपासून सुरू होते. ‘आ’, ‘ओ’ हे स्वर खालच्या पट्टीतले, ते ऐकू येतात. स, श, फ यांसारखी व्यंजनं निसटतात. म्हणून ‘सात’ म्हटलं तरी त्यांना ‘हात’ वाटू शकतं. अशा वेळी ओरडून उपयोग नसतो, उलट त्यांना आपण चिडलोय असं वाटतं. समोर बसून, सावकाश बोला.

ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे श्रवणतज्ज्ञ, ऑडिओग्राम म्हणजे ऐकण्याचा आलेख काढतो. कोणत्या पट्टीत किती डेसिबल कमी ऐकू येतं ते त्यात दिसतं आणि डिजिटल यंत्र त्यानुसार जुळवतात. म्हणून दुकानातून तयार यंत्र उचलून आणू नका. दोन्ही कानांनी कमी ऐकू येत असेल तर सहसा दोन यंत्रं लागतात.

माझ्या आईने पहिल्या आठवड्यात यंत्र डबीत ठेवून दिलं होतं, कारण भांड्यांचा आवाज असह्य व्हायचा. मेंदूला सवय व्हायला काही आठवडे लागतात. घरात शांततेत रोज थोडा वेळ लावा, मग वेळ वाढवा, आणि यंत्र पुन्हा जुळवून घ्यायला नक्की जा.

मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग या वाचा व श्रवणदोषांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेत तपासणी होते.

एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं, तर मात्र त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठा.